दोन कुळांचं बाळंतघर

अलोटाऊ,
१० फेब्रुवारी २००३

थेक्ले,

हस्ताक्षर ओळखलंस? नाही ओळखणार. वीस वर्षं झाली. मी डोरिस. तुमच्या डोंगरातल्या गोरोकाच्या नर्सिंग वसतिगृहात तुझ्या शेजारच्या खाटेवर रात्रभर कुडकुडणारी, समुद्राकडची डोरिस लेबासी. तू मला तुझं ब्लँकेट दिलं होतंस आणि वर म्हणाली होतीस, "तुम्ही किनाऱ्यावरची माणसं म्हणजे उकडलेले मासे. जरा गार लागलं की आखडलात."

तुझा पत्ता सिस्टर बेनेडिक्टाकडून मिळाला. त्या इथे आल्या होत्या. म्हणाल्या, "ती मोंगुमाला असते, आता सासू झाली आहे, आणि दोन डोंगरांतल्या बायका अडल्या की तिलाच हाक मारतात." मला एकदम भरूनच आलं. दुसऱ्या वर्षी तुझे भाऊ आले आणि लग्नासाठी तुला घेऊन गेले, तेव्हा ट्यूटरबाई म्हणाल्या होत्या की वर्गातले सगळ्यात चांगले हात गेले. मला राग आला होता. कारण दुसऱ्या नंबरचे हात माझे होते.

आता कामाचं. तीन वर्षांपूर्वी आम्ही इथे एक योजना सुरू केली. प्रत्येक गावात एक बाई नेमायची. बाळ जन्मलं की तिने पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी घरी जायचं. बाळ ऊबेत आहे का, अंगावर पितंय का, नाळ स्वच्छ आहे का, एवढंच बघायचं. सुई नाही, औषध नाही. आणि थेक्ले, बाळं जगायला लागली! आमच्या खाडीतल्या एका गावात वर्षाला चार-पाच जायची. गेल्या वर्षी एकही गेलं नाही. मी एकोणीस वर्षं नर्स आहे, पण त्या गावाच्या धक्क्यावर रांगणारी ती सगळी पोरं पाहिली आणि एकेक मोजत बसले.

आता वरच्या लोकांना ही योजना तुमच्या डोंगरात न्यायची आहे. मी तुला न विचारता तुझं नाव दिलंय. रागावू नकोस. सोबत खोका पाठवतेय: तीस पांढऱ्या टोप्या, पांढरं फ्लॅनेल, ब्लेड, दोरा आणि एक चित्रांचं पुस्तक. हाताखाली दहावी झालेल्या दोन मुली घे, त्यांना फॉर्म भरता येतील. एकच गोष्ट कडक आहे. बागेच्या कडेच्या झोपडीत बाईने एकटीने बाळंत व्हायची तुमच्याकडची रीत बंद करायची. आमच्या कागदावर पहिलं कलम तेच आहे.

लवकर लिही.

तुझी,
डोरिस

*

मोंगुमा,
९ मार्च २००३

डोरिस,

खोका मिळाला. कॉफीच्या ट्रकवाल्याने दोन दिवस आपल्या सीटखाली ठेवला होता, म्हणून टोप्यांना पेट्रोलचा वास लागलाय. तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की सुनेला वाटलं मला काहीतरी झालंय. तू अजून तशीच आहेस. आधी करतेस, मग विचारतेस.

काम घेतलं. टोप्या वाटल्या. दोन मुली घेतल्या, हुशार आहेत. भेटी सुरू आहेत. सगळं ठीक आहे, काळजी करू नकोस.

इथे थंडी आहे. रताळी बरी आली आहेत.

थेक्ला

*

अलोटाऊ,
२ एप्रिल २००३

थेक्ले, माझी गुणाची बाई!

तुझं पत्र मी मीटिंगमध्ये वाचून दाखवलं. रताळ्यांसकट! टाळ्या वाजल्या. आमच्या साहेबीणबाई कधी हसत नाहीत, त्यासुद्धा म्हणाल्या, "बघा, एका महिन्यात! आणि आपण म्हणत होतो की डोंगरातले लोक ऐकत नाहीत." मी इतकी फुगले की ब्लाउजचं बटण तुटायचं बाकी होतं.

आणखी तीस टोप्या पाठवतेय. फॉर्मही पाठवतेय. एका बाळाचा एक फॉर्म. वरच्या ओळीत बाळाचं नाव, खाली वडिलांची सही. किती जन्मली, किती भेटी झाल्या, हे मेअखेर कळव. पुढच्या वर्षी तुमच्या सगळ्या खोऱ्यात काम पसरवायचं ठरतंय आणि ते तुझ्या आकड्यांवर ठरणार आहे.

आणि काय गं, झोपडीचं झालं का? त्याबद्दल तू अवाक्षर लिहिलं नाहीस. त्याअर्थी बंद झाली असेलच.

मला तुझा किती अभिमान वाटतोय, काय सांगू.

डोरिस

*

मोंगुमा,
११ मे २००३

डोरिस,

आधी बसून घे. मी खोटं लिहिलं होतं.

तू माझं नाव पुढे केलंस. तुला तुझ्या लोकांसमोर मान खाली घालायला लागू नये, एवढंच मनात होतं. पण तू ते पत्र भरसभेत वाचलंस आणि टाळ्या वाजल्या म्हणतेस. आता खरं सांगते. एकदा सांगते, मग पाहिजे तर दुसरी बाई शोध.

टोपी एकाही बाळाच्या डोक्यावर गेलेली नाही. डोरिस, आमच्याकडे पांढरं कोण लावतं? घरात मयत झालं की आम्ही अंगाला पांढरी माती फासतो. मी पहिली टोपी घेऊन गेले, तर म्हातारीने दारातच विचारलं, "अजून जन्मलं नाही, तोवर रडायला आलीस का?" मी तशीच मागे फिरले. एक टोपी माझ्या मोठ्या दिरांनी चहाच्या किटलीवर घातली आहे. म्हणतात, चहा बराच वेळ गरम राहतो. तेवढं तुझ्या फॉर्मवर लिहिता येईल.

चित्रांच्या पुस्तकात बाप ताज्या बाळाला हातात घेऊन बसलाय. ते पान माझ्या नवऱ्याने, सिऊनेने, पाहिलं आणि पुस्तक असं टाकलं जणू हातात साप आला. बाळंतपणाचं रक्त पाहिलं की पुरुषाचा दम उखडतो, धनुष्य धरायचा हात लुळा पडतो, असं इथे सगळे मानतात. तू हसू नकोस. सिऊने चांगला माणूस आहे. पण नाळ पडून बायको आंघोळ करून येईपर्यंत तो बाळाकडे बघणार नाही, मग सही कुठून करणार? आणि बाळाला नाव तेव्हा ठेवतात, आधी नाही. बिनानावाच्या जिवाचं नाव विचारणं म्हणजे ज्याने ऐकू नये त्याला ऐकवणं.

त्या दोन मुली खरंच हुशार आहेत. पण त्यांची लग्नं झालेली नाहीत. जिने स्वतः जन्म दिलाय तीच झोपडीत जाऊ शकते. म्हणून त्या कुंपणाबाहेर उभ्या राहतात आणि आत जे चालतं त्याबद्दल सुंदर अक्षरात लिहितात.

आता झोपडीचं. तुझ्या कागदाला वाटतं, झोपडीमुळे बाळं मरतात. मलाही नर्सिंग शिकताना तसंच वाटायचं. तुला एक कधी सांगितलं नाही. माझ्या मुलाच्या, गिग्माईच्या, आधीची माझी दोन त्याच झोपडीत गेली. एक तिसऱ्या दिवशी, एक पहिल्याच. ओढ्याकाठच्या कण्हेरीखाली आहेत. त्यांना नावं नाहीत. पण डोरिस, ती झोपडीमुळे नाही गेली. मी एकटी होते म्हणून गेली. पहाटे दव गोठतं आमच्याकडे. मी अर्धी बेशुद्ध, आणि विस्तवात लाकूड घालायला कोणी नव्हतं.

आणि घरात तरी कुठे जायचं? एकाच छपराखाली डुकरं, धूर आणि आठ माणसं. झोपडी ही एकच जागा आहे जिथे बाईला कोणी "ऊठ, रताळी खणून आण" म्हणत नाही.

मार्चपासून सात जन्मली. दोन गेली. फॉर्म भरलेले नाहीत.

आणखी एक दडवलं होतं. माझी सून बिबियाना गरोदर आहे. पोरगी ओढ्यापलीकडच्या येंडूका कुळातली. सप्टेंबरचा हिशोब आहे. म्हणून मला हे काम सोडवत नाही. आणि म्हणूनच खोटं लिहूनही चालणार नाही.

थेक्ला

*

अलोटाऊ,
३ जून २००३

थेक्ले,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा लाज वाटली. तिसऱ्यांदा त्या कण्हेरीपाशी थांबले. वसतिगृहात तू रात्री सगळ्यांना हसवायचीस. तुझ्या वाट्याला हे आलं आणि मला वीस वर्षं पत्ता नाही.

तिसऱ्यांदा वाचल्यावर मला माझंच एक आठवलं. आमच्या बेटावर योजना सुरू झाली त्या वर्षी आम्ही घरोघर जाऊन नवऱ्यांना समजावत होतो. वर्षभर पालथ्या घड्यावर पाणी. एके दिवशी माझी आई म्हणाली, "अगं वेडे, त्याला काय विचारतेस? लेकरू आईच्या कुळाचं. तिच्या मोठ्या भावाला विचार." आम्ही मामांना जाऊन भेटलो आणि दोन महिन्यांत सगळं बदललं. बायका बाळंतपणानंतर चुलीला पाठ लावून बसतात, तेही आम्ही आधी बंद करायला निघालो होतो. मग आईच म्हणाली, "बसू दे की. तिच्या छातीवर बाळ ठेव, म्हणजे दोघं शेकतील." योजना चालली ती आईमुळे आणि कागदावर नाव लागलं माझं. हे मी कसं विसरले?

परवाच्या मीटिंगमध्ये उभी राहिले आणि तुझं खरं पत्र वाचलं. कण्हेर सोडून. तेवढं फक्त माझ्यापाशी ठेवलं. साहेबीणबाई म्हणाल्या, "म्हणजे आधी झोपडीच पाडायला हवी." मी म्हटलं, "बाई, मला सहा महिने द्या. थेक्ला सांगेल तसं करू. नाही जमलं तर मी राजीनामा देते." पुन्हा आधी बोलले, मग विचार केला.

टोप्या बंद. लाल आणि काळी लोकर पाठवतेय, तुमच्या बायकांनी हवं ते विणावं. त्या मुलींना घरी पाठवू नकोस, त्यांना बाहेर दुसरं काम दे. बाकी तू सांग. कोण आत जाईल, कधी जाईल, काय करायचं. तू लिही, मी ते टाइप करते.

बिबियानाला जप. आणि स्वतःलाही.

डोरिस

*

अलोटाऊ,
२४ जुलै २००३

थेक्ले,

रेडिओवर ऐकलं. तुमच्या खोऱ्यात सिरूमा आणि येंडूकांची लढाई पेटली आहे म्हणे, पूल तोडलाय, रस्ता बंद. सिरूमा म्हणजे तुम्हीच ना? आणि येंडूका म्हणजे बिबियानाचं माहेर?

माझी दोन पत्रं परत आली. हे एका पादरींच्या हाती देतेय. एक ओळ लिही. "आहे" एवढं लिहिलंस तरी पुरे.

डोरिस

*

मोंगुमा,
५ सप्टेंबर २००३

डोरिस,

आहे.

हे पत्र विहीणबाईंच्या बाजूने, येंडूकांच्या वाटेने खाली जातंय. आमच्या बाजूचा रस्ता अजून बंद आहे. आता सावकाश वाच. जे पाहिलं ते सांगायला मला माझीच भाषा कमी पडतेय.

लढाई एका डुकरावरून झाली. त्याने येंडूकांची बाग उकरली, कोणीतरी बाण मारला, मग माणसाला मारला. आठवड्यात दोन्ही बाजूंचं एकेक माणूस गेलं. आरोग्य केंद्रातला माणूस कुलूप लावून पळाला. पुरुष दिवसभर कड्यांवर, आणि आम्ही बायका अधल्यामधल्या. आमच्या बायका येंडूकांच्या लेकी, त्यांच्या बायका आमच्या. इकडे नवरा, तिकडे भाऊ. कोणाचा बाण चुकावा म्हणून प्रार्थना करायची?

ओढा मधोमध आहे. आमची बाळंतझोपडी या काठावर, त्यांची त्या काठावर, मध्ये चाळीस पावलं. दुसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की तिथे एकही बाण पडलेला नाही. पडणारच नाही! ज्या जागेला दोन्ही फौजा घाबरतात अशी खोऱ्यात ती एकच जागा. ज्या भीतीने मला एकटीला मरायला टाकलं होतं, तीच आता कुंपणासारखी उभी होती. मी झोपडीत किती जणी मावतील ते मोजायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी गरोदर असलेल्या चौघींना आणि त्यांच्या सासवांना घेऊन तिथेच मुक्कामाला गेले. एकेकट्या नाही, सगळ्या मिळून. त्या दोन मुलींना कुंपणाबाहेर पाणी आणायला आणि निरोप पोचवायला ठेवलं. पलीकडच्यांनी दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्याही आल्या.

सगळ्यात पुढे विहीणबाई. आग्नेस येरे तिचं नाव. आमचं पोरांच्या लग्नापासून पटलेलं नाही. माझ्या घरची रताळी पाणचट लागतात, असं ती चारचौघांत म्हणाली होती. ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभी राहून ओरडली, "थेक्ला, माझी लेक तुझ्याकडे आहे. येऊ का, की तुझा नवरा बाण मारेल?"

मी म्हटलं, "या विहीणबाई. रताळी पाणचटच आहेत, पण गरम आहेत."

तीन ऑगस्टला दुपारी बिबियानाला कळा सुरू झाल्या. आपल्या हिशोबाच्या पुरे सात आठवडे आधी. अंधार पडायच्या आत बाळ बाहेर आलं. मुलगी. डोरिस, ती माझ्या एका पंजात मावत होती. कातडीतून निळ्या शिरा दिसत होत्या. रडली नाही, मांजराच्या पिलासारखा आवाज केला. तुझ्या पुस्तकात अशा वेळी "ताबडतोब रुग्णालयात न्या" असं लिहिलंय. पूल तुटलेला होता.

बिबियानाचं रक्त फार गेलं होतं. ती थरथरत होती, अंगात ऊब नव्हती. मला ट्यूटरबाईंची नुसती एक गोष्ट आठवत होती: बाळ उघडं, छाती उघडी. मी बिलुम घेतली, तीच दोऱ्यांची झोळी जी आम्ही कपाळाला अडकवून पाठीवर टाकतो. ती पुढून गळ्यात घातली, आत मऊ पानं पसरली आणि पोरीला तीत घालून कातडीला कातडी लावून बसले. ती गार दगडासारखी होती. बऱ्याच वेळाने कोमट लागली. विहीणबाई समोर बसून तिच्या पाठीकडे टक लावून होत्या. एकदम म्हणाल्या, "थांबली." खरंच, श्वास थांबला होता. त्यांनी पोरीच्या तळव्यावर नखाने टिचकी मारली. पोरगी दचकली आणि पुन्हा श्वास घेऊ लागली.

असं पहिल्या दोन दिवसांत अकरा वेळा झालं. प्रत्येक वेळी कोणीतरी जागी होती. एकटी असते तर पहिल्याच वेळी संपलं असतं.

मग पाळ्या लागल्या. तीन तास मी, तीन तास विहीणबाई, मग सिरूमांची एक, मग येंडूकांची एक. झोळी एकीच्या गळ्यातून दुसरीच्या गळ्यात, पण बाळ क्षणभरही उघड्यावर नाही. बिबियानाला दूध आलं नाही. पोरीला चोखता येत नव्हतं. कोणीतरी आपलं दूध पानाच्या टोकावरून थेंब थेंब तिच्या जिभेवर सोडायची. पण दूध पुरेसं कोणाला होतं? ज्यांना पिती बाळं होती, त्या स्वतःच उपाशी होत्या.

पाचव्या दिवशी कुंपणाबाहेर एक बाई येऊन बसली. येंडूकांची, मिरियम तिचं नाव. अंगभर पांढरी माती. तीन दिवसांपूर्वी तिचा नवरा आमच्या माणसांच्या बाणाने गेला होता. मांडीवर पाच महिन्यांचा मुलगा, आणि छातीवरची माती दुधाने भिजून ओघळ आले होते. ती आत येत नव्हती. सुतकातल्या बाईने ताज्या बाळाला शिवायचं नाही.

कड्यावर माझा गिग्माई होता. तो बाण त्याचाही असू शकतो, हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं.

मी बाहेर गेले आणि तिच्यासमोर बसले. म्हटलं, "मिरियम, तुझ्याकडे काही मागायला मला तोंड नाही."

ती म्हणाली, "तुला कुठे देतेय? तिला देतेय. किती दिवसांची झाली?"

"पाच."

"एवढं जगली का?"

विहीणबाई ओढ्याचं पाणी घेऊन आल्या. त्यांनी मिरियमच्या छातीवरची माती धुतली. नुसती दोन तळहातांएवढी जागा. बाकी चेहरा, खांदे, हात, सगळं पांढरं तसंच राहू दिलं. "बाकीचं तुझ्या नवऱ्याचं," त्या म्हणाल्या, "एवढं हिचं." मग तिला कुंपणाच्या आत घेतलं आणि झोळी तिच्या गळ्यात घातली.

डोरिस, मी आजवर शेकड्याने बाळंतपणं केली. पण त्या पांढऱ्या मातीच्या मधोमध तेवढीशी सावळी कातडी आणि तिला चिकटलेला तो मूठभर जीव पाहिला, तेव्हा माझे हात आपोआप जोडले गेले. सगळ्या बायका उठून उभ्या राहिल्या. का, ते आम्हाला कोणालाच सांगता येणार नाही.

सोळाव्या दिवशी पोरगी स्वतः चोखायला लागली. आज तेहेतीस दिवस झाले. नाळ केव्हाच पडली. गिग्माई ओढ्यापाशी आला, झोळीत वाकून बघितलं आणि मटकन खाली बसला. नाव बिबियानाने ठेवलं. मिरियम.

लढाई सुरू झाल्यापासून दोन्ही झोपड्यांत मिळून नऊ जन्मली. नऊच्या नऊ आहेत. तुझ्या साहेबीणबाईंना सांग, झोपडी पाडायची नाही. मोठी बांधायची आहे.

थेक्ला

*

अलोटाऊ,
३० नोव्हेंबर २००३

थेक्ले,

तुझ्याकडून घरी पोचून तीन दिवस झाले. गुडघे अजून दुखताहेत. तुमचे डोंगर देवाने रागाच्या भरात उभे केले असणार.

आज ऑफिसात टिपण दिलं. पहिलं कलम खोडलं. तिथे लिहिलं, त्या खोऱ्यातल्या जन्म दिलेल्या बायका सांगतील तिथे आणि तसं. साहेबीणबाईंनी विचारलं, "आणि पुढच्या खोऱ्यात?" मी म्हटलं, "तिथे तिथल्या बायका सांगतील. आपण आधी जाऊन बसायचं." त्यांनी खोडलेलं कलम पुन्हा वाचलं. मग म्हणाल्या, "मलाही नेशील का एकदा?" तयार राहा. त्यांना चढायची सवय नाही. हसण्याची थोडी लागली आहे.

मी आलेल्या दिवशी ओढ्यामधल्या सपाटीवर तुम्ही दोन्ही कुळांसाठी बांधलेलं ते लांबट घर आधी बाहेरून पूर्ण फिरून पाहिलं, ते तुला दिसलं असेल. सात शेकोट्या आणि प्रत्येकीच्या कडेला दोन्ही कुळांच्या बायका. तू मला एका कोपऱ्यात बसवलंस आणि म्हणालीस, "हात धू आणि गप्प बस, काही करू नकोस." एकोणीस वर्षांत मला असं कोणी म्हटलं नव्हतं. मी बसले. विहीणबाईंनी चिमुकल्या मिरियमला माझ्या मांडीवर दिलं. तिने माझं बोट धरलं, आणि तेवढ्याशा हाताची पकड इतकी घट्ट होती की मला बोट सोडवता येईना.

पण हे पत्र वेगळ्यासाठी लिहितेय. तिसऱ्या दिवशी सकाळी ती पहिलटकरीण आली. तू आत तिच्यापाशी होतीस. त्या वेळी बाहेर काय झालं ते तुला माहीत नाही. मला विहीणबाईंनी लाकडं आणायला बाहेर पाठवलं होतं.

कुंपणापासून पन्नास पावलांवर मोळ्या रचलेल्या होत्या. पुरुषभर उंच, दोन्ही काठांवर. मी विचारलं, "ही कोण तोडतं?" विहीणबाई म्हणाल्या, "तोडणारे तोडतात. एके सकाळी उठलो तर होती. मग रोज असतात." मी म्हटलं, "पुरुष? ते तर इकडे फिरकत नाहीत ना?" त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या जणू मी कालची पोर आहे. "आत यायचं नाही, एवढंच ठरलंय. काळजी करायची नाही, असं कुठे ठरलंय?" मग एका मोळीच्या वेलाची गाठ दाखवून म्हणाल्या, "ही माझ्या म्हाताऱ्याची. दुसऱ्या कोणाला अशी वाकडी गाठ मारता येत नाही."

थेक्ले, तुमच्याकडच्या पुरुषांना बाळांचं काही पडलेलं नाही, असं मी वीस वर्षं मानत आले. कागदावरही लिहिलं होतं.

मी मोळी उचलणार, तेवढ्यात झाडीतून कुऱ्हाडींचे आवाज ऐकू आले. दोन्ही काठांवर माणसं लाकडं तोडत होती. इकडे तुमची, तिकडे त्यांची. दहा-पंधरा, जास्तच. आठ आठवड्यांपूर्वी लढाई थांबेपर्यंत तीच माणसं एकमेकांवर बाण सोडत होती. आमच्याकडे पाठ करून, मान खाली घालून, घाव घालत होती.

आणि आतून बाळ रडलं.

एक कुऱ्हाड थांबली. मग दुसरी. मग दोन्ही काठांवरच्या सगळ्या. नुसत्या ओढ्याचा आवाज राहिला. कोणी वळलं नाही, पण एकूण एक माणूस ऐकत होता. काहींच्या कुऱ्हाडी खांद्याच्या वर तशाच धरलेल्या. मी मोळीवर हात ठेवून तशीच उभी.

बाळ दुसऱ्यांदा रडलं, चांगलं खणखणीत. तेव्हा पलीकडचा एक येंडूका, मागे न वळता, तुमच्या लोकांना ओरडून म्हणाला, "ए, मुलगा का मुलगी?"

आणि अलीकडून तुझा सिऊने ओरडला, "रडतंय ना? मग झालं तर! तोड लाकडं!"

तुझी,
डोरिस